एकशे चाळीस

नर्सबाईंनी लाकडी नळी पोटावर टेकवली, वाकून दुसऱ्या टोकाला कान लावला, तोच कानातलं नवं यंत्र शिट्टीसारखं किंचाळलं. टेबलावर आडवी झालेली गरोदर बाई दचकली.

"काही नाही गं. आजच घातलंय, अजून रुळलं नाही."

त्यांनी ते काढून खिशात टाकलं आणि पुन्हा कान लावला. नजर मनगटावरच्या घड्याळावर.

काहीच नाही.

याची सवय होती. नळीतले बाळाच्या हृदयाचे ठोके आधी लांब गेले, मग अधूनमधून हरवले, मग गेलेच. त्यालाही आता तीन वर्षं झाली. पण हात तयार होता. बाळाची पाठ कुठे, डोकं कुठे, बोटांना कळायचं. मिनिटभर घड्याळाकडे बघून नर्सबाई कागदावर एकशे चाळीस लिहायच्या, निरोगी बाळाचा आकडा. नर्सबाईंचा कान म्हणजे कान, असं सगळा दवाखाना म्हणायचा. ठोके ऐकवणारं मशीन डॉक्टरीणबाईंच्या कपाटात धूळ खात पडलेलं असायचं. तो कान गेला, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

त्यांनी पेन उचललं. आज मात्र आकडा लिहवेना.

हीच बाई दोन वर्षांपूर्वी याच टेबलावर होती, आठव्या महिन्यात. तेव्हाही एकशे चाळीस लिहिलं होतं. तिसऱ्या दिवशी बाळ झालं ते मेलेलंच. नशीब एकेकाचं, असं लोक म्हणाले. नर्सबाईही म्हणाल्या.

त्या दाराशी गेल्या. "डॉक्टर, जरा मशीन घेऊन या."

"तुम्हाला कशाला हवं मशीन?" तरुण डॉक्टरीण हसतच आत आली.

"मला नळीतून ऐकू येत नाही."

डॉक्टरीणबाईंचं हसू मावळलं. "कधीपासून?"

नर्सबाईंनी नळी उचलून बाजूला ठेवली. डॉक्टरीणबाईंनी मशीन पोटावर फिरवलं आणि खोलीभर ठोके धावू लागले, भरभर, दमदार. "छान आहे बाळ," एवढं म्हणून त्या बाहेर गेल्या. दार ओढून घेतलं.

नर्सबाईंनी खिशातलं यंत्र कानात बसवलं, पेन घेतलं. मागून आवाज आला. हळू, पण स्वच्छ. एक अक्षर सुटलं नाही.

"माझ्या पहिल्या बाळाचे ठोके तुम्हाला ऐकू आले होते ना, बाई?"

नर्सबाई वळल्या.

"काय म्हणालीस?"

ती बाई हात टेकत उठून बसली. बहिऱ्या माणसाशी बोलताना बोलतात तसं तिने तोंड अगदी जवळ आणलं आणि एकेक शब्द सुटा करून पुन्हा तेच विचारलं.