ओट्यावरची निळी ज्योत

निवृत्तीनंतर बाबांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर किडे खाणाऱ्या झाडांची रोपं करायचा उद्योग मांडला होता. पानाचा कणभर तुकडा बाटलीतल्या जेलीवर ठेवायचा, की महिन्या-दोन महिन्यांत इवली रोपं. बुरशी शिरली तर बाटली वाया, म्हणून हातांना स्पिरिट चोळायचं आणि चिमटा दिव्यावर तापवायचा.

त्या सकाळी लेक पाणी प्यायला आत आली आणि जागीच थिजली. बाबांच्या डाव्या हातावर निळसर ज्योत सरकत होती, आणि ते उजव्या हातातल्या चिमट्याच्या टोकावर नजर खिळवून रोप लावत होते.

“बाबा, हात!” तिनं ओला टॉवेल झडप घालून हातावर दाबला. बाटली लवंडली.

“अगं, रोप गेलं ना! एवढं किंचाळायला काय झालं?”

तिनं टॉवेल उचलला. बोटं लालभडक झाली होती, एका बोटाची कातडी सुटली होती. दुसऱ्या कुणाचा हात बघावा तसे बाबा बघत राहिले.

“खूप दुखतंय का?”

बाबांचा चेहरा पांढरा पडला.

“नाही गं, काहीच जाणवत नाही,” ते हळूच म्हणाले. “पायांचं वर्षभर असंच आहे. मला वाटलं, तेवढ्यावरच थांबेल.”