उरलेला आवाज

पिंजऱ्यावरचा कपडा त्यानं स्वतः ओढून काढला आणि समोर खुर्ची घेऊन बसला. त्याच्या गळ्याच्या मधोमध भोक होतं, त्यावर पांढरी जाळी. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढून टाकलं होतं. जीव वाचला होता. आवाज मात्र आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, या पोपटापाशी. राखाडी अंगाचा, लालभडक शेपटीचा तो आफ्रिकन पक्षी त्याची नक्कल अशी करायचा, की दारात आलेली माणसं फसायची. दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या त्याला एकच आस लागली होती. घरी जायचं आणि आपला आवाज एकदा कानांनी ऐकायचा.

आवाजही काही साधासुधा नव्हता. बसस्टँडवर गाड्या पुकारायचं काम त्याचं; तिथं सगळे त्याला दादा म्हणायचे. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं’ एवढं कानावर पडलं, की किरकिरणारी पोरंही गप्प व्हायची. गाडी उशिरा सुटणार हेसुद्धा तो असं सांगायचा, की भांडायला आलेला माणूस निमूटपणे बाकावर जाऊन बसायचा. म्हाताऱ्या बायका मुद्दाम खिडकीशी येऊन त्याचं तोंड बघून जायच्या. देवानं या माणसाच्या गळ्यात मध ओतलाय, असं लोक म्हणायचे आणि ते खोटंही नव्हतं.

आज स्टँडवरचे दोघं आले होते, कंट्रोलर आणि एक जाडा कंडक्टर. पोपट दादांच्या आवाजात बोलतो हे त्यांच्या कानावर होतं. तो आवाज मोबाइलमध्ये भरून घ्यायचा आणि रोज सकाळी स्टँडवर लावायचा, असा त्यांचा बेत. दादांच्या जागी आलेली बाई गाडी पुकारते की मयताची बातमी देते तेच कळत नाही, असं कंडक्टर म्हणाला. ते ऐकून खुर्चीत बसलेला तो हसला. आवाज आला नाही, नुसते खांदे हलले आणि जाळीतून शीळ घातल्यासारखा वारा सुटला. पण आजारपणात तो पहिल्यांदाच हसला होता.

त्याच्या बायकोला हे काही पसंत नव्हतं. पिंजरा तिनं मागच्या खोलीत झाकून ठेवला होता. हल्ली पक्षी बोलत नाही, रुसलाय, असं ती दोनदा म्हणाली होती. त्यानं बोटानं मागची खोली दाखवली. मग ती झाकलेला पिंजरा घेऊन आली होती आणि तो खाली ठेवून चहा टाकायला आत गेली होती.

परकी माणसं बघून पोपटानं चोच मिटून घेतली. कंडक्टरनं शिट्टी वाजवली, चुचकारलं, शेवटी घसा खाकरून स्वतःच ‘प्रवाशांनी कृपया’ सुरू केलं. पोपटानं उलटं लटकून मान खाजवली. हाही संपावर गेलाय वाटतं, असं म्हणून कंडक्टरनं हात टेकले.

मग आवाजाचा धनी स्वतः पुढं वाकला. गजांपाशी तोंड नेऊन त्यानं नुसते ओठ हलवले. ओळखीचा चेहरा बघून पोपट सरळ झाला. त्याची बुबुळं लहानमोठी झाली. कंट्रोलरनं घाईघाईनं मोबाइल पुढं धरला.

“ए, कुठं मेलीस? चहा काय तुझा बाप आणणार?”

आवाज हुबेहूब त्याचाच होता. फक्त ही तऱ्हा स्टँडवर कुणी कधी ऐकली नव्हती. कंडक्टर खो खो हसत सुटला. तेवढ्यात आत भांडं पडलं. ओल्या हातांनी, “आले, आले,” म्हणत ती धावत बाहेर आली आणि मान खाली घालून नवऱ्यापुढं उभी राहिली. ज्याच्या गळ्यातून आता साधी कुजबुजही निघणार नव्हती, त्याच्यापुढं.

कंडक्टरचं हसू अर्ध्यात तुटलं.

नवरा शरमला. मी नाही हाक मारली, एवढंच त्याला सांगायचं होतं. सांगायला हातच तेवढा उरला होता. त्यानं तो वर केला. हात खांद्याच्या वर गेला मात्र, ती खाली वाकली आणि दोन्ही कोपरं तिनं तोंडावर आडवी घेतली. कुणी शिकवल्यासारखं, अंगवळणी पडलेलं ते वाकणं होतं. त्याचा हात तसाच वर राहिला.

आणि पिंजऱ्यातून दुसरा आवाज आला. बाईचा.

तो दवाखान्यात होता तेव्हा त्याच्याजवळ त्याचा भाऊ राहायचा. इथं घरात दोघंच होते, ती आणि हा पक्षी.

“हात...” पोपट म्हणाला आणि माणसानं नाक ओढावं तसं त्यानं नाक ओढलं. “हात खाली...” पुढचं गिळल्यासारखं झालं. मग त्यानं घसा साफ केला आणि पहिल्यापासून धरलं.

“हात खाली घ्या. यापुढं मी मार खाणार नाही.”

पंखातलं एक पीस चोचीनं सारखं करून तो तेच पुन्हा म्हणाला. आता आवाज कापत नव्हता. रोज कुणीतरी त्याच्यासमोर उभं राहून घटवून घेतल्यासारखं वाक्य स्वच्छ आलं होतं. कंट्रोलरच्या हातात मोबाइल चालूच होता. तो बंद करावा की नाही, हे त्याला सुचेना.

तिनं तोंडावरची कोपरं काढली. ती सरळ उभी राहिली. अजून वरच असलेल्या त्या हाताकडं तिनं पाहिलं, मग नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं.

तेच वाक्य आणखी एकदा आलं. या वेळी पिंजऱ्यातून नव्हे.