मोतीबिंदूच म्हणायचं

"वर बघा, मामा."

"वरच बघायलोय. हल्लू दाब. फोडतीस काय डोळा?"

"फोडायचा असता तर एवढे दिवस थांबले असते होय?" प्रणिता म्हणाली आणि सासऱ्याच्या खालच्या पापणीवर तिनं बोट टेकवलं.

आबासाहेबांचा डावा डोळा काचबिंदूनं केव्हाच गिळला होता. उरला उजवा. त्याचं ऑपरेशन झालं. वरच्या पापणीआड, डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक बारीकशी झडप करून दिली, आत तुंबणारं पाणी झिरपून जावं म्हणून. आता ती झडपच बुजायला लागली होती. सकाळ-संध्याकाळ पापणीवरून डोळा दाबायचा, म्हणजे वाट मोकळी राहते, असं डॉक्टरीणबाईंनी शिकवलं. कडेकडेनं गेलेली नजर परत येणार नाही, आहे तेवढी राखा, हेही बजावलं. म्हाताऱ्याचे हात थरथरायचे. मुलगा युवराज तर बापाच्या डोळ्याला बोट लावायचं म्हटल्यावरच पांढराफटक पडला. राहिली सून. जिचा चहा पांचट म्हणून रोज परत पाठवायचा, तिच्याच बोटाखाली डोळा द्यायचा! आबासाहेबांचा नुसता जळफळाट व्हायचा. तिला तरी कुठे हौस होती?

काचीगुड्याच्या त्या घरात काचबिंदू या शब्दाला बंदी होती. सगळ्या गणगोतात आबासाहेबांनी 'मोतीबिंदू' म्हणून सांगून ठेवलेलं. मोतीबिंदू काय, कुणालाही होतो. काचबिंदू म्हटलं की लोक घराण्याकडं बोट दाखवणार, आणि घरात लग्नाची नात. डॉक्टरीणबाई मात्र स्पष्ट बोलल्या होत्या, हा रोग रक्तात उतरतो, घरातल्या सगळ्यांचे डोळे तपासून घ्या. युवराज गुपचूप जाऊन आला. त्याला काही निघालं नाही. त्याची मुलगी रेणू गेलीच नव्हती.

"रविवारच्या आत रेणूला तपासून आणते," प्रणिता म्हणाली.

"रविवारी अंबरपेठवाले बघायला यायलेत तिला."

"म्हणूनच आधी."

"युवराजला नाही, तर तिला कुठून येतंय? खामखा पोरीला डाग लावू नकोस. दवाखान्यात कुणी ओळखीचं भेटलं की आटोपलं सगळं."

"दोनदा गाडी घासून आणली तिनं नारायणगुड्यात."

"पोरींना गाडी चालवता येतच नाही."

प्रणिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रेणू काही लहान नव्हती, कमावती होती. बखोटीला धरून नेण्यासारखं वय नव्हतं तिचं. तिनं सरळ सांगितलं होतं, आबांनी गळ्याची शपथ घातलीय, मी यायची नाही. आईनं रडून पाहिलं, ओरडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. आबांच्या गळ्यापुढं आईचं काय चालणार? आणि हे म्हाताऱ्याला चांगलं ठाऊक होतं.

प्रणितानं बोट काढून घेतलं.

"तिची शपथ सोडवा. नाहीतर उद्यापासून तुमचा डोळा तुम्ही दाबा."

"धमकी देतीस मला?"

"हो."

इतकं सरळ उत्तर त्या घरात त्यांना आजवर कुणी दिलं नव्हतं. आबासाहेब ताडकन उठून बसले. युवराजला हाक मारावी, तर तो केव्हाच कामावर गेलेला.

"मला हौला समजतीस काय? अक्कल नाही असं वाटतंय तुला? तपासणी म्हणजे काय असतं ते मला माहीत नाही? कडेला बोट हलवून बघतात. माझी केली की त्या बाईनं! बोलव पोरीला. आत्ता तुझ्यासमोर करून दाखवतो. मग रविवारपर्यंत तोंड बंद ठेवायचं, कळलं?"

"ठेवीन," प्रणिता म्हणाली. मनातून तिलाही वाटत होतं, देवा, आज हा म्हातारा खरा ठरू दे. जन्मभर टोमणे मारू दे मला.

रेणू ओले केस पुसत बाहेर आली. आबासाहेबांनी तिला समोर स्टुलावर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून.

"डावा डोळा झाक. उजव्यानं माझ्या नाकाकडं बघ. नजर हलवायची नाही. बोट हललं की सांग."

"आबा, नाक केवढंय हो तुमचं!"

"गप. बघ नीट."

त्यांनी तिच्या उजव्या कानाकडं हात नेला आणि तर्जनी हलवली.

"हललं," रेणू म्हणाली.

हात वर नेला.

"हललं."

खाली नेला.

"हललं, हललं. झालं का?"

आबासाहेबांनी सुनेकडं असं पाहिलं, जणू निवडणूकच जिंकून आलेत. "ऐकलंस? का आता तुझे कान तपासू?"

"दुसरी बाजू राहिली," प्रणिता म्हणाली.

"पिच्छा सोडायची नाही ही बया!" म्हणत त्यांनी हात रेणूच्या डाव्या बाजूला नेला आणि बोट हलवलं. रेणू शहाण्या मुलीसारखी त्यांच्या नाकाकडं बघत होती. त्यांनी बोट जरा पुढं आणलं. आणखी जोरात हलवलं. मग चारही बोटं हलवली, आणि मग अख्खा पंजा. प्रणितानं पदराचा बोळा तोंडात धरला.

रेणू हसली.

"करा ना आबा सुरू. ऑफिसला उशीर व्हायलाय मला."