तीन विरुद्ध दोन

बसायची पाचवी उशी मांडून झाल्यावर कोसुकेने घड्याळ पाहिलं. नऊची बोट आता धक्क्याला लागली असणार.

जिल्हा युवक मंडळाचं पत्र आठ दिवसांपूर्वी आलं होतं. ओगुशी शाखेच्या वार्षिक सभेला जिल्हा समितीचे तिन्ही सदस्य हजर राहणार होते. आजवर असं कधी झालं नव्हतं. नियम साधा होता. शाखेत पस्तिशीच्या आतले किमान पाच सभासद हवेत, वर्षातून एकदा सभा आणि निवडणूक हवी, आणि सहीऐवजी पाच जणांच्या नावाच्या शिक्क्यांनिशी इतिवृत्त जिल्ह्याला जायला हवं. यातलं काही चुकलं की शाखा बरखास्त. मग सभागृहाला गावकचेरीचं कुलूप, आणि शरदातल्या उत्सवात बेटावर सिंहनृत्य करायला कुणी नाही.

ओगुशीत पस्तिशीच्या आतला माणूस एकच उरला होता. कोसुके त्सुमुरा, वय तेहेतीस, वडिलांच्या माघारी संत्र्याची बाग एकटा बघणारा. शाखेतले बाकीचे चौघे एकेक करून ओसाकाला, कोबेला गेले. जाताना आपापला शिक्का त्याच्याकडे ठेवून गेले, तेवढं तू बघ म्हणून.

चार वर्षं तो बघत होता. पहिल्या वर्षी त्याने ‘सर्वानुमते मंजूर’ एवढंच लिहिलं. पण वाचताना ते त्याचं त्यालाच खोटं वाटलं. चौघांतला युताका कधी कशाला मुकाट्याने हो म्हणाला होता? दुसऱ्या वर्षी त्याने किनारा साफ करण्याच्या तारखेवरून युताकाला भांडायला लावलं. हारुए मध्ये पडली. मग कोसुकेला त्याची गोडीच लागली. पावसाळी दुपारी बागेत काम नसलं की तो सभागृहात बसून लिहीत राही. गेल्या वर्षी तर अध्यक्षांचा, म्हणजे त्याचाच, ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी पडला. त्या दिवशी घरी जाताना त्याला युताकाचा खरोखर राग आला होता.

जिल्ह्याची उत्तरंही तशीच रंगलेली असत. ‘युताकासानचा मुद्दा वाचून समितीत हशा पिकला. आमचे ओनोदासान मात्र त्यांच्याच बाजूचे.’ खाली सचिव नागिसा कुवाबारा हिची सही. तिकडची ती भरलेली खोली कोसुकेला डोळ्यांसमोर दिसे. पत्र तो दोन-दोनदा वाची.

या आठवड्यात त्याने चौघांनाही फोन केले. युताकाच्या मुलीच्या शाळेत क्रीडादिन होता. हारुएला सुटी नव्हती. तिसरा बघतो म्हणाला, आणि चौथ्याचा नंबरच बदलला होता. शेवटी त्याने शेजारच्या ओत्सुने आजींना विचारलं.

“येऊन बसते की,” आजी म्हणाल्या. “पण एकाहत्तरीची तरुणी तुझ्या जिल्ह्याला पचेल का रे?”

बोटीतून एकटी कुवाबाराच उतरली. तिशीची, सडपातळ, काखेत फाइल. बाकीच्या दोघांना ऐनवेळी काम निघालं, असं तिने दारात बूट काढताकाढताच सांगितलं. आमचे चौघे बागेत फवारणीला गेलेत, येतीलच, असं कोसुकेही सांगून मोकळा झाला.

दोघं समोरासमोर बसले. चहा झाला. बोटीचे हेलकावे, यंदाचा मोहर, सगळं बोलून झालं. बाहेर पावलं वाजली की ती चटकन दाराकडे बघे. एकदा तर तिने केसही सारखे केले. त्या बघण्याचं कोसुकेला फार ओझं झालं.

“कुवाबारासान,” तो म्हणाला, “कुणी येणार नाही. चार वर्षं झाली, कुणीच येत नाही.”

“मग युताकासान?”

“कोबेला असतो.”

“आणि तो ठराव? तीन विरुद्ध दोन?”

“पाचही मतं माझीच होती.” त्याने मान खाली घातली. “शाखा बंद करा, माझी तक्रार नाही. फक्त समितीची माफी मागतो. ओनोदासानना आवर्जून सांगा. एवढे बाजू घ्यायचे ते युताकाची.”

तिने मांडीवरची फाइल शेजारच्या रिकाम्या उशीवर ठेवली.

“ओनोदासानना कुठून सांगू?” ती म्हणाली. “तीन वर्षांपूर्वीच ते नागोयाला गेले. दुसरे त्यांच्याही आधी. समितीत आता मी एकटीच आहे, त्सुमुरासान. निदान इथे तरी पाच माणसं भांडताना ऐकायला मिळतील, म्हणून मी बोट पकडली होती.”