खालून तिसरा

कुंडलिकने पायरीशी चपला काढल्या, अंगातला सदरा पोर्चच्या खांबावरल्या खिळ्याला अडकवला आणि तेलकट बनियनवर तो त्या काळ्याभोर जर्मन गाडीपुढे उभा राहिला.

"कोण, कुंडलिक का?" झोपाळ्यावरून गंगाधर वकिलांनी विचारलं.

"व्हय साहेब."

गाडी मोठी देखणी, पण चार महिन्यांत तिने घरादाराला जेरीस आणलं होतं. ऐन निघायच्या वेळी बटण दाबलं की स्टार्टर नुसता घुरघुरायचा, इंजिन काही पेट घ्यायचं नाही. टेम्पोवर लादून पुण्याच्या बड्या वर्कशॉपात नेली की तिथं पहिल्या झटक्यात सुरू! टायवाल्या इंजिनिअरांनी लॅपटॉप जोडून पंप बदलला, सेन्सर बदलले, शेवटी गाडीतला कॉम्प्युटरसुद्धा बदलला. लाखांनी पैसे ओतून गाडी भोरला आली की दोन दिवसांत पुन्हा तेच रडगाणं.

वकिलांचा मुलगा श्रेयस पुण्याहून मुलीला सुट्टीसाठी घेऊन आला होता. त्याने कुंडलिकला बाजूला घेतलं.

"रविवारी वैदेहीला मेंगाईच्या दर्शनाला वेल्ह्याला न्यायचंय. गाडी आजोबाच चालवणार, असा तिचा हट्ट आहे आणि बाबांनी कबूलही केलंय. त्या दिवशी ही बंद पडली तर मी सरळ विकून टाकणार. बघा काय ते."

वकीलसाहेबांची गाडी विकली जायची? त्याच्या आईला, साळूबाईला, भातखाचरात साप चावला तेव्हा हेच साहेब वेल्ह्याच्या तहसील कचेरीत कामाला आले होते. फायली टाकून त्यांनी तिला गाडीत घातलं आणि पाबे घाटातून पुण्याला पोचवलं. ती वळणं त्यांनी अशी काढली की आईच्या उशाशी ठेवलेल्या तांब्यातलं पाणीही सांडलं नाही. साळूबाई आज ठणठणीत होती. उत्रोलीच्या रस्त्याला कुंडलिकने गॅरेज घातलं ते त्या दिवशी जडलेल्या गाड्यांच्या वेडापायीच. असा ड्रायव्हर पंचक्रोशीत झाला नाही, हे तो गिऱ्हाइकांना अजून ऐकवायचा.

साहेब झोपाळ्यावरून उठले. डिकीपासून बॉनेटपर्यंत गाडीच्या अंगावरून हात फिरवत पुढे आले, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. इतकी माया गाडीवर!

"सुरू कर."

गाडी लगेच सुरू झाली. साहेब मान तिरपी करून ऐकत राहिले.

"पट्टा सैल आहे. अगदी किंचित."

कुंडलिकने दाबून पाहिला. खरंच किंचित सैल होता. लाखांच्या लॅपटॉपला न कळलेलं या माणसाला नुसत्या कानांनी कळलं होतं.

सरोजकाकू चहा घेऊन आल्या. त्यांनी कप साहेबांच्या हातात देऊन त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती नीट मिटवली. लग्नाला पंचेचाळीस वर्षं होऊनही ही काळजी, म्हणून कुंडलिकला कौतुक वाटलं. शेजारी सात वर्षांची वैदेही अडखळत पेपर वाचून दाखवत होती. मराठी सुधारावं म्हणून आजोबा रोज तिच्याकडून वाचून घेत.

दोन तास कुंडलिक इंजिनात डोकं घालून होता. आणि एकदम त्याला दिसलं. फ्यूजच्या पेटीत सगळ्या फ्यूजांवर बारीक धूळ होती, एकच तेवढा लखलखीत. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा.

"साहेब, घावलं! फ्यूज सैल हाय. हादरून हादरून घासलाय बगा. कदी टेकतो, कदी न्हाई. तिकडं टेम्पोत धक्के बसले की टेकायचा, मग पुन्याच्या लोकास्नी कसं कळावं?"

"कुठला, हा खालून तिसरा?" साहेबांचं बोट बरोबर त्यावरच पडलं.

कुंडलिकने अजून सांगितलंही नव्हतं. त्याने मनातल्या मनात हात जोडले.

नवा फ्यूज घट्ट बसवून शनिवारी त्याने चाळीस वेळा गाडी सुरू केली. भाटघरच्या धरणापर्यंत फेरी मारून आला. एकदाही चुकली नाही. त्या रात्री साळूबाईने गोडाचा शिरा केला.

रविवारी सकाळी आठला फोन आला. गाडी बंद.

कुंडलिक पोचला तेव्हा भाड्याची जीप फाटकातून बाहेर पडत होती. सरोजकाकू आणि वैदेही आत होत्या. श्रेयसने काच खाली केली.

"गावठी इलाज केलात ना? उद्याच गाडी विकायला काढतो."

जीप धुरळा उडवत गेली. कुंडलिकने पायरीशी चपला काढल्या. सदरा खिळ्याला अडकवला.

साहेब झोपाळ्यावर एकटेच होते. "वैदेही रडत होती का रे?"

"आदी रुसली आसंल, साहेब. आता हासत व्हती."

"बरं झालं. सुखरूप जाऊन येईल."

कुंडलिक खांबाशीच उभा राहून म्हणाला, "साहेब, माझाच हात चुकला. उद्यापासनं इंजिनाला हात लावायचा न्हाई मी. आईला काय तोंड दावू?"

तो अनवाणी पावलांनी गाडीच्या पलीकडे गेला आणि बॉनेटपाशी खाली मान घालून उभा राहिला.

झोपाळ्याची कडी वाजली. साहेब उठले, भिंतीला हात लावत खांबापर्यंत आले.

"तुझं काहीही चुकलं नाही, कुंडलिक. पुण्याच्या एवढ्या इंजिनिअरांना जे सापडलं नाही, ते तू दोन तासांत शोधलंस. तुझ्या हाताला कुणी नावं ठेवलेली मला सहन व्हायची नाहीत."

कुंडलिकने मान वर केली.

"हा घे," म्हणत साहेबांनी झब्ब्याच्या खिशातून तो नवा कोरा फ्यूज काढला आणि खांबाला अडकवलेल्या रिकाम्या सदऱ्यापुढे धरला.