दोरा बांधलेली बाटली

मळवलीच्या बजरंगभाऊंचा एकच डोळा शाबूत होता आणि त्यातही भिंग नव्हतं. मोतीबिंदूच्या जुन्या ऑपरेशनात ते काढलं होतं, नवं बसवलंच नव्हतं; जाड चष्म्यावर भागत होतं. पुढे त्याच डोळ्यात काचबिंदू झाला; बरीच वर्षं थेंबांवर निभावलं. आता लेसरसाठी मी त्यांना लोणावळ्याला माझ्या दवाखान्यात बोलावलं. पहिल्यांदाच बायकोला, नंदाबाईंना, घेऊन आले, पण मशीन बघताच उठले.

"दिसतंय तेवढं बास हाय. चल घरी."

"बसा गपगुमान," बाकावरून नंदाबाई म्हणाल्या. "मॅडम, गेल्याली नजर परत येती का?"

"नाही मावशी. उरलेली टिकेल."

"मग करा."

भाऊ परत मशीनसमोर बसले. लेसर नीट पार पडलं.

त्यांच्या थेंबांच्या दोन बाटल्यांपैकी एकीला दोरा गुंडाळलेला होता. "सकाळची कुटली ते कळाया. थेंब मीच घालती," नंदाबाई म्हणाल्या. वाचता येत नसेल, असं मला वाटलं.

"तुम्ही इतकी वर्षं थेंब चुकवला नाही, म्हणून हा डोळा टिकला," मी मनापासून म्हणाले. "आज त्यांना जरा धूसर दिसेल. जिन्यावरून हात धरून न्या."

नंदाबाई हसल्या. चाचपडत त्यांनी नवऱ्याचा खांदा शोधला.

"मी कशी नेऊ? यांचाच हात धरून मी चालती. माझे दोनी डोळे कवाच गेले, मॅडम. आमा दोघांत मिळून हा एकच डोळा हाय. थेंब चुकवून कसं चालंल?"