सही नसलेलं पत्र

तपासनीस बाईंनी दारात चपला काढल्या आणि विचारलं, "मुलीला शाळेत न घातलेलं घर हेच ना?"

"हेच," सून म्हणाली. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत भाजी निवडत होत्या. बोटं भाजीत, कान दाराशी. तीन आठवड्यांपूर्वी शिक्षण खात्याला ते पत्र त्यांनीच धाडलं होतं, खाली सही न करता. 'नऊ वर्षांची मुलगी घरात कोंडली आहे, चौकशी व्हावी.' घरातल्या माणसानं घराचीच चुगली करायची! पण दुसरा इलाज काय होता? त्यांनी स्वतः तीस वर्षं वर्गात उभं राहून पोरं शिकवली, आणि त्यांच्याच नातीनं शाळेची पायरी चढू नये?

या घरात शाळा जेवणाच्या टेबलावर भरायची. सकाळी सहाला प्रार्थना, मग बायबलचा उतारा, मग गणित, मग भांडी, मग भूगोल. इकडे पातेलं उतरवायचं, तिकडे पाढे म्हणून घ्यायचे. सून स्वतः घटकाभर टेकत नसे आणि लेकीला, मिठूलाही, टेकू देत नसे. हा सगळा मिरवण्याचा सोस, असं सासूबाईंचं ठाम मत.

लेक रविवारी चर्चमध्ये उभा राहून साक्ष द्यायचा, "आमचं घर हीच आमच्या लेकीची शाळा!" मंडळी माना डोलवायची, पाळक पाठ थोपटायचे. बोल कोणाचे ते सासूबाई बरोबर ओळखून होत्या. लेक म्हणजे गरीब गाय. बायकोनं कान भरायचे आणि यानं बोलून दाखवायचं. रोज कामावरून दमून आला तरी मिठूची एकूण एक वही तपासायला लागायची बिचाऱ्याला.

तरी सासूबाई गप्प राहिल्या असत्या. पण चार वाजता समोरून शाळेची मुलं जात, तेव्हा मिठू खिडकीच्या गजांना नाक लावून हात हलवायची. वर बघायला कोणाला वेळ होता! आणि मागच्या महिन्यात तिनं विचारलं होतं, "आजी, मैत्रीण कशी करतात गं? आधी काय बोलायचं असतं?"

त्याच दुपारी सासूबाईंनी कागद घेतला.

"वीस प्रश्न आहेत," तपासनीस बाईंनी टेबलावर कागद मांडले. "निम्मे चुकले तर परवानगी रद्द. सोमवारपासून शाळा."

"निम्मे म्हणजे दहा चुकले तरी रद्द, की अकरा चुकायला हवेत?" सुनेनं विचारलं.

काय हा तोरा! सासूबाईंनी हातातला देठ काडकन मोडला.

"दहा," बाई म्हणाल्या. "पण शाळा का नको तुम्हाला?"

"आमच्या घरात तसं ठरलंय."

"ठरवलं कोणी?"

"देवानं, ताई, देवानं!" सुनेशेजारी उभा असलेला लेक हसत मध्येच बोलला. सून खाली मान घालून उभी राहिली. पढवून ठेवलाय नुसता, सासूबाई मनात चरफडल्या.

मिठू खुर्चीत बसली, पाय जमिनीला टेकत नव्हते. प्रश्न सुरू झाले आणि सासूबाईंनी डोळे मिटले. प्रभू, दहा चुकू देत. फक्त दहा. एखादं मूल नापास व्हावं म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा देवाला साकडं घातलं होतं, आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती.

अपूर्णांक आले. समुद्र आले. हाडांची नावं, चंद्राच्या कला, सगळं आलं. मिठू अडखळली म्हणून नाही. मागे सून हातातलं कोरडं फडकं पिळत होती.

"वीसपैकी वीस!" बाईंनी शिक्का उमटवला. "वा! आता तीन वर्षं तुमच्याकडे कोणी फिरकायचं नाही."

"देवाची स्तुती असो!" लेक मिठूला घेऊन बाईंना फाटकापर्यंत पोचवायला गेला.

घरात दोघीच उरल्या. सासूबाईंनी भाजीचं ताट टेबलावर आदळलं.

"झालं तुझ्या मनासारखं? तीन वर्षं! पोर बारा वर्षांची होईल या चार भिंतींत. तुला मिरवायला मिळालं ना, बास. तिचं काय व्हायचं ते होवो!"

"हळू बोला, आई."

"का हळू? ऐकू दे त्याला! ते पत्र मीच लिहिलं होतं. जा, सांग नवऱ्याला. म्हणावं, काढा म्हातारीला घराबाहेर!"

सुनेनं खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. मग ती मिठूच्या खुर्चीत बसली.

"तुम्ही टपालपेटीत टाकलंत कसं?"

"माझ्या हातानं टाकलं. भाजी आणायला गेले तेव्हा. मला कोण अडवणार?"

"तुम्हाला नाही अडवणार," सून म्हणाली. "मीही तसलीच दोन लिहिली होती, आई. दोन्ही पेटीत पडण्याआधीच ह्यांच्या हाती लागली."